पॅसेंजर लागल्याशिवाय शिट्टी नाही

घाटनांदूरच्या स्टेशनसमोर गुरुपादअप्पांचं किराणा दुकान होतं आणि ते आठवड्यातले सहाच दिवस चालायचं. दिवाळी सरल्यापासून शिवरात्रीपर्यंत फुटबॉलचे दिवस. त्या दिवसांत रविवारी अप्पा गल्ल्यावर दिसले तर समजावं, एकतर मॅच आपल्याच गावात आहे नाहीतर अप्पांना ताप आहे. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली होती. साखर संपली तर ती शनिवारीच संपवायची, असा गावाचा शिरस्ताच पडून गेला होता.

बीड जिल्ह्यात कुस्ती-कबड्डी सोडून तिसऱ्या खेळाला विचारतो कोण? पण घाटनांदूरला रेल्वे होती, रेल्वेत सिकंदराबादकडची माणसं होती, आणि त्यांतल्याच एका फायरमनने बासष्ट-त्रेसष्ट साली मालधक्क्यामागच्या मोकळ्या रानात पहिला फुटबॉल लाथाडला. बघता बघता परळीपासून पार बिदरपर्यंत, जिथं म्हणून इंजिन पाणी प्यायला थांबायचं तिथं तिथं एकेक संघ उभा राहिला. लोक त्यांना लाइनवरचे संघ म्हणत. हंगामाच्या शेवटी जिंकणाऱ्याला पितळेची एक ढाल मिळे. तिचं वजन फारसं नव्हतं, पण तिच्यापायी दोन गावांत वर्षवर्ष अबोला धरला जाई.

खेळाचे कायदे साऱ्या जगात असतात तेच. फक्त एक कायदा लाइनवरचा खास होता आणि तो कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता. पॅसेंजर लागल्याशिवाय शिट्टी नाही. बाहेरगावची माणसं सकाळच्या पॅसेंजरने येणार. गाडी कधी वेळेवर यायची, कधी क्रॉसिंगला अडकून दीड-दोन तास खोळंबायची. पण यजमान गाव थांबे. स्टेशनवर एक माणूस सायकल घेऊन बसवलेला असे. गाडी आली की तो टांग टाकून मैदानाकडे सुटे. रेफरी त्याला विचारी, "लागली का?" तो म्हणे, "लागली." मग पाहुण्यांना चहा, आणि पाहुण्यांचा चहा झाला की शिट्टी. एकदा भालकीला गाडी साडेचार तास लेट झाली, तेव्हा भालकीकरांनी दिवस मावळेपर्यंत वाट बघितली, मॅच दुसऱ्या दिवसावर टाकली आणि घाटनांदूरच्या साठ माणसांना तालमीत पंगत मांडून जेवू घातलं. ही गोष्ट अप्पा इतक्यांदा सांगत, की ते गाडीत बसायच्या आतच ऐकणारा भात-आमटीपर्यंत पोचलेला असे.

त्या साठ माणसांचे म्होरके अप्पा. शनिवारी संध्याकाळी कोण कोण येणार ते विचारत गावभर हिंडायचं, सकाळी इष्टलिंगाची पूजा उरकून कपाळाला भस्म लावून सगळ्यांच्या आधी फलाटावर हजर राहायचं, आणि गाडी आली की धुळाजीचा ढोल खिडकीतून आत ओढून घ्यायचा, ही त्यांची कामं. धुळाजी म्हणजे अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. मेंढरं राखणारा धनगर. बोलायला कंजूस, पण ढोल असा वाजवायचा की समोरच्या गोलीचे पाय जागच्या जागी थरथरायचे. निदान अप्पा तरी तसं सांगत.

आता अप्पांचं सांगणं हा एक वेगळाच विषय आहे. आठच्या सुमारास परतीची पॅसेंजर घाटनांदूरला येई तेव्हा फलाटावर बाया, म्हातारे, ड्युटीवर अडकलेले रेल्वेवाले वाट बघत उभे असत. "अप्पा, मॅच आणली का?" असं विचारत. बाजारातून भाजी आणावी तशी अप्पा मॅच आणत. बाकावर बसून ते पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळी मॅच सांगत, आणि सांगताना पदरचं घालायला त्यांचा हात कधी आखडला नाही. हरलो असलो तर रेफरीला चाळिशी लागलेली असे. जिंकलो असलो तर आपला फॉरवर्ड सिग्नलाच्या दांड्याएवढा उंच उडालेला असे. लोकांना हे ठाऊक होतं. पण ऐकायला मजा यायची, आणि खरं काय ते तपासायला दुसरं साधन कुणापाशी होतं?

फलाटावरचं सांगणं झालं की खरं सांगणं घरी व्हायचं. ते ऐकायला एकच माणूस असे, गंगासागर, अप्पांची बायको. पंच्याऐंशी साली दुकानाच्या माळ्यावरून तेलाचा डबा काढताना शिडी निसटली आणि ती कमरेवर पडली. अंबाजोगाईला झालं, सोलापूरला झालं, एका नाडी बघणाऱ्या वैद्याकडेही झालं. जीव वाचला, पण चालणं गेलं ते गेलंच. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या खोलीत तिची खाट टाकली होती. तिथं बसून ती वाती वळायची, डाळी निवडायची आणि दाराच्या चौकटीतून दुकानाचा जेवढा तुकडा दिसेल तेवढा बघायची. पोरबाळ नव्हतं. बारा वर्षं झाली, गंगासागरचं जग त्या चौकटीएवढं होतं. त्यात भर पडायची ती फक्त रविवारी रात्री जेवणाआधी.

अप्पा हातपाय धुऊन खाटेवर बसत. मध्ये सूप ठेवत. सुपात चिंचोके म्हणजे आपला संघ, हरभरे म्हणजे समोरचा. "हितं भागवत हुबा व्हता," असं म्हणून ते एक चिंचोका सरकवत. भागवत म्हणजे धुळाजीचा पुतण्या, संघाचा फॉरवर्ड. गंगासागरने त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. पण तो कुठल्या खांद्याने धक्का देतो, गोल झाल्यावर कसा हसतो, हे तिला अप्पांच्या तोंडून पाठ होतं. ती फारसं बोलायची नाही. "हूं" म्हणायची. अप्पांना वाटे, आपण रोज दिवसभर तागडीत तोलतो ते सगळं एकीकडे आणि रविवारचा हा अर्धा तास एकीकडे. खरं सांगायचं तर ते मॅचला जात ते निम्मे स्वतःसाठी आणि निम्मे त्या 'हूं'साठी.

मग देशात काय काय मोकळं झालं म्हणतात, त्यातलं थोडं घाटनांदूरलाही पोचलं. स्टेशनरोडवर एसटीडीचं पिवळं खोकं लागलं, पानटपऱ्यांवर चमकणाऱ्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या, आणि एका कापडदुकानाच्या गच्चीवर मोठी छत्री उलटी करून ठेवल्यासारखी तबकडी बसली. केबल आली. अप्पांचा पुतण्या अमरनाथ शेजारीच राहायचा. त्याने रंगीत टीव्ही घेतला. भिंत एकच असल्यामुळे त्यातले आवाज गंगासागरच्या खोलीत येत.

तिने एकदा सहज विचारलं, "आपन बी घ्यावा का टीवी?"

अप्पा म्हणाले, "कशाला? मी हाय की."

बोलले हसत, पण त्यांना ते झोंबलं होतं. वर्षभराने तिने पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, की त्या डबड्याने डोळे जातात. तिसऱ्या वेळी ते नुसते उठून दुकानात गेले. त्यानंतर गंगासागरने विषय काढला नाही. तीन वेळा विचारणं हे तिच्या स्वभावाच्या मानाने फारच झालं होतं, हे अप्पांच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. माणूस दिवसभर दुसऱ्यांचं तोलतो, घरातलं तोलायचं राहून जातं.

शहाण्णव साली लाइनवरच्या मॅचही टीव्हीत शिरल्या. लातूरकडच्या कुणा केबलवाल्याने त्या दाखवायचं ठरवलं. गुटख्याच्या एका कंपनीने खेळाडूंना पिवळेधमक सदरे दिले, छातीवर पुडीचं चित्र. पूर्वी संघ आणि माणसं एकाच डब्यातून जात, एकाच डब्यातलं खात. आता संघाला न्यायला आदल्या दिवशी जीप यायला लागली. आणि माणसं म्हणायला लागली, घरबसल्या दिसतंय तर गाडीत हाडं कशाला खिळखिळी करायची? साठाची चाळीस झाली, चाळिसाची अकरा. यंदाच्या हंगामात उरले दोघं. अप्पा आणि ढोलासकट धुळाजी.

पण माणसं कमी झाली याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. वेळा हलायला लागल्या. टीव्हीवर चार वाजता सिनेमा असायचा, त्याच्या आत मॅच संपायला हवी म्हणून शिट्टी अलीकडे आली. पाहुण्यांचा चहा गेला. मग स्टेशनवर सायकलवाला बसायचा बंद झाला. बिदरला अप्पा आणि धुळाजी मैदानावर पोचले तेव्हा अर्धी मॅच झाली होती. अप्पांनी तिथल्या व्यवस्थापकाची गचांडी धरायचीच काय ती बाकी ठेवली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अप्पा, आता आमच्या हातात काई न्हाई. टीवीवाले टाइम देतेत, आमी खेळतो." त्या रात्री पहिली अर्धी मॅच अप्पांनी गंगासागरला सगळीच्या सगळी पदरची सांगितली. तिने नेहमीसारखंच "हूं" म्हटलं. अप्पांना त्यात काही वेगळं वाटलं नाही, उलट आपण कमाल केली असं वाटलं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत घाटनांदूर ढालीच्या फायनलला पोचलं. एकोणीस वर्षांनी. मॅच उदगीरला, उदगीरशीच. गंगासागरची तब्येत त्या थंडीत फार उतरली होती. जेवण दोन घासांवर आलं होतं. एका संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, "या टायमाला मला समदं सांगा. घाई करू नका. एक लाथ सोडू नका."

बारा वर्षांत तिने कधी काही मागितलं नव्हतं, टीव्ही सोडून. ते म्हणाले, "एक लाथ सोडत न्हाई. माझा शब्द हाय."

शनिवारी दिवेलागणीला अमरनाथ दुकानाच्या पायरीशी आला. "काका, टीवीवर खाली पट्टी फिरायली. उद्या मॅच अकराला हाय. दुपारी क्रिकेट हाय म्हणून लवकर घ्यायलेत."

"कुणाच्या अकराला?" अप्पा म्हणाले.

"घड्याळाच्या."

"पॅसेंजर पोचती पावणेबाराला. गाडी लागल्याबिगर शिट्टी मारतेत व्हय बे? ते उदगीर हाय. बिदरवाले बिघडले आसतील, उदगीर बिघडत न्हाई."

"न्हाई काका, पट्टीवर लिवलंय. सकाळी साडेपाचची लातूरची एसटी हाय. तिथून उदगीरची गाडी मिळती. धा वाजता पोचतावत तुमी."

आतून, खाटेवरून गंगासागर म्हणाली, "जावा की एसटीनं. एक दिवस."

अप्पांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. एसटीने जाणं म्हणजे पट्टीचं ऐकणं, आणि पट्टीचं ऐकणं म्हणजे तीस वर्षांचा कायदा आपल्या हाताने मोडणं, असं त्यांना वाटलं. शब्द दिला होता तो बायकोला, आणि हट्ट धरून बसले टीव्हीशी. ते म्हणाले, "तीस वर्षं पॅसेंजरनं गेलोय. गाडीतनं उतरल्यावर समोर सायकल दिसंल, बघ तू." अमरनाथ निघून गेला. लिंगायताच्या घरात थोरल्यांशी कोण हुज्जत घालणार?

रविवारी पॅसेंजर वेळेवर निघाली. डबा जवळजवळ रिकामा होता. धुळाजीने ढोल समोरच्या बाकावर ठेवला आणि स्वतः खिडकीशी बसला. पानगावला गाडी वेळेवर होती. लातूर रोडला मात्र ती थांबली ती थांबलीच. परळीच्या वीज केंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी यायची होती, ती येऊन गेल्याशिवाय सिग्नल पडणार नव्हता. फलाटावर उन्हं आली. धुळाजी दोनदा उतरून इंजिनापर्यंत जाऊन आला.

"अप्पा, आकरा वाजून गेले."

"थांबतेत ते."

थोड्या वेळाने पुन्हा, "साडेआकरा झाले."

"म्हणलं ना, थांबतेत. भालकीवाले साडेचार तास थांबले व्हते."

धुळाजी म्हणाला, "ते येगळे दिस व्हते." अप्पांनी त्याला भालकीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली, पण पंगतीपर्यंत येऊन ती आपोआपच थांबली.

गाडी उदगीरला लागली तेव्हा एक वाजला होता. अप्पा सगळ्यांच्या आधी उतरले. दाराबाहेर, पिंपळाच्या पारापाशी, जिथं सायकलवाला बसायचा तिथं त्यांनी बघितलं. एक रिक्षा होती आणि पेरू विकणारी बाई. तरी ते चालायला लागले. धोतराचा सोगा हातात धरून, त्यांच्या वयाच्या माणसाला शोभणार नाही इतक्या भराभर. मागून धुळाजी ढोल खांद्यावर घेऊन येत होता.

मैदानावर कुणी नव्हतं. नव्हतं म्हणजे खेळाडू नव्हते, माणसं नव्हती. चुन्याच्या रेघा पायांनी पुसल्या गेल्या होत्या. गुटख्याची कापडी पाटी दोघं जण सोडवत होते, आणि एक वाकलेला माणूस जमिनीवरच्या काळ्या वायरी हातावर गुंडाळत मैदानाच्या कडेने येत होता. जवळ आल्यावर अप्पांनी त्याला ओळखलं. तो आश्रुबा होता. वीस वर्षं उदगीरच्या स्टेशनवर सायकल घेऊन बसणारा आश्रुबा.

"शरणार्थ अप्पा," तो नमस्कार करत म्हणाला आणि खाली बघायला लागला.

"झाली?"

"झाली. तुमी जिंकलाव. दोन-एक. दोनी गोल भागवतनं केले."

धुळाजीने ढोल खाली ठेवला. पुतण्याने ढाल जिंकून दिली आणि चुलता रेल्वेच्या डब्यात बसून होता. तो एवढंच म्हणाला, "मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आलतो."

अप्पांनी विचारलं, "गोल कसे केले? दुसरा कसा झाला, सांग."

आश्रुबा म्हणाला, "मला काय ठाव, अप्पा. मला ह्या वायरी धरून तिकडं तोंड करून बसवलतं. वायर हालली की चित्र जातंय म्हणले. म्या फकस्त आरडाओरडा ऐकला." मग आपली बाजू सांगितल्यासारखं म्हणाला, "म्या सांगितलं त्यास्नी. म्हणलं गाडी यायची हाय, घाटनांदूरचे लोक येतेत, जरा दम धरा. तर ते म्हणले, कोन्ती गाडी?"

अप्पा त्या पुसलेल्या रेघांकडे बघत उभे राहिले. त्यांना राग यायला हवा होता. तोही आला नाही. फार लाज वाटली. भर मांडवात आपल्याला कुणी ओळखलं नाही तर वाटेल तशी लाज. आणि लाजेच्या पाठोपाठ गंगासागरला दिलेला शब्द आठवला, तेव्हा त्यांना तिथं उभं राहवेना.

परतीच्या गाडीत अप्पांनी मॅच गोळा करायला सुरुवात केली. उदगीरहून चढलेल्या एका मास्तराने पहिला गोल पाहिला होता, डोक्याने मारलेला. दुसऱ्या एकाने शेवटचा भाग पाहिला होता. तो म्हणाला, कॉर्नरवरून बॉल आला, भागवतने पायाने मारला आणि झालं. कुठल्या पायाने, ते त्याला आठवत नव्हतं. अप्पा खिडकीबाहेर बघत ते तुकडे जोडत होते, जिथं फट दिसेल तिथं पदरचं भरत होते.

धुळाजीने विचारलं, "वैनीला काय सांगनार?"

"मॅच सांगनार."

"खोटी?"

"आजवर तरी कुठं समदी खरी सांगितली?" अप्पा म्हणाले. पण हे बोलताना ते हसले नाहीत.

आठ वाजता घाटनांदूरच्या फलाटावर वाट बघणारं कुणी नव्हतं. पायऱ्यांपासून चौकापर्यंत रस्त्यावर गुलाल पडला होता. संघ चार वाजताच जीपने येऊन, मिरवणूक काढून, घरोघर पांगलाही होता. पानटपरीवाला दुरूनच म्हणाला, "अप्पा, कुठं गेलते? आज लई भारी मॅच झाली. बघितली न्हाई व्हय?" अप्पांनी हात वर केल्यासारखं केलं आणि घराकडे वळले.

गंगासागर खाटेवर बसून होती. शेजारच्या शिवांजलीने, म्हणजे अमरनाथच्या बायकोने, तिला भाकरी-वरण आणून ठेवलं होतं. ते झाकलेलंच होतं. तिच्या लुगड्याच्या काठाला थोडा गुलाल लागला होता. मिरवणूक दारावरून गेली असेल, असं अप्पांना वाटलं.

"जिंकलाव म्हणे," ती म्हणाली. "बसा. सांगा."

अप्पांनी हातपाय धुतले, बसले आणि सांगायला लागले. गाडी वेळेवर पोचली, इथून त्यांनी सुरुवात केली. समोर सायकल उभी होती. आश्रुबाने "लागली" म्हटलं. चहा आला, चहात आलं होतं. मग शिट्टी. त्या रात्री अप्पांनी जशी मॅच सांगितली तशी जन्मात कधी सांगितली नसेल. धुळाजीचा ढोल वाजवला, उदगीरच्या गोलीला घाम फोडला, पहिला गोल डोक्याने करवला. गंगासागर त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. "हूं," ती म्हणे. तिच्या तोंडावर असं काही होतं की अप्पांना वाटलं, साधलं. शब्द काही अगदीच मोडला नाही.

"मंग शेवटाला कॉर्नर मिळाला," अप्पा म्हणाले. "बॉल आला तो आसा वरून. भागवतनं वाट बघितली. आन् डाव्या पायानं आसा हानला..."

"उजव्या," गंगासागर म्हणाली.

ती बोलून गेली होती. लगेच तिने पदर तोंडाशी नेला. भिंतीपलीकडे अमरनाथचा टीव्ही चालू होता, त्यातलं हसणं ऐकू येत होतं.

"तू बघितली?" अप्पांनी विचारलं.

तिने होय म्हणून मान हलवली. "शिवांजली म्हणली चला काकू. अमरनाथनं खुर्चीत बसवून उचलून नेलं. म्या नको म्हणत व्हते." मग ती हळूच म्हणाली, "तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलणार नव्हते. तुमी दिसताव का म्हणून समद्या माणसांत बघितलं. दिसला न्हाईत."

म्हणजे पहिल्या वाक्यापासून तिला ठाऊक होतं. सायकल नव्हती, चहा नव्हता, अप्पा नव्हते, हे जाणूनच ती प्रत्येक खोट्याला "हूं" म्हणत बसली होती. बिदरच्या वेळीही असंच असेल का? त्याआधीही? हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

गंगासागर भिंतीकडे बघत होती. आजारात उतरलेल्या तिच्या चेहऱ्यावर आज कितीतरी दिवसांनी रंग होता. ती म्हणाली, "मैदान एवढं मोठं आसतंय, तुमी कदी सांगितलं न्हाई."

"आँ?"

"म्या आपल्या आंगनाएवढं धरून चालले व्हते. त्ये तर केवढं हाय. येका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला बारीक दिसतंय. भागवत पळायला लागला तर सरता सरंना. येवढं पळतेत व्हय ते?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर अप्पांना सोसली असती. तीन वेळा तिने विचारलं होतं आणि तिन्ही वेळा आपण नाही म्हणालो, का, तर आपलं सांगणं मोडीत निघू नये म्हणून. डोळ्यांचं निमित्त सांगितलं होतं. बारा वर्षं एका जागी बसलेल्या बाईला आपण एवढंसं मैदान दिलं आणि वर त्याचा तोरा मिरवला. मॅच आपण आणत होतो असं त्यांना वाटायचं, पण खरं तर आपण ती वाटेत अडवून धरली होती.

मग ते म्हणाले, "तू सांग."

"काय?"

"मॅच. म्या कुठं बघितली? तू सांग."

गंगासागर आधी लाजली. मग तिने सुरुवात केली. तिला सांगायची सवय नव्हती, मधलंच आधी यायचं, माणसांची नावं चुकायची. पण पदरचं काही घालत नव्हती, दिसलं तेवढंच सांगत होती. पिवळे सदरे, उडालेली धूळ, गोली पडला तेव्हा त्याचा निघालेला बूट. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. तीस वर्षं त्यांनी उदगीरचं ते मैदान पायाखाली घातलं होतं, तिथला खड्डा न् खड्डा त्यांना माहीत होता. तरी तिच्या बोलण्यातून काही केल्या मॅच समोर उभी राहीना. भागवत पळतोय म्हटलं तर नुसते शब्दच ऐकू येत. कॉर्नरचा बॉल कुठून आला, कुठं पडला, काही दिसेना.

ती उजव्या पायाच्या गोलापर्यंत आली तेव्हा तिचा आवाज चढला होता. बारा वर्षं हिने हे कसं केलं असेल, ते अप्पांना कळेना. ते डोळे मिटून नुसते हूं म्हणत राहिले.